कप्तानवहिनींचा हात

आमच्या गल्लीत शिरलात की उजवीकडचं तिसरं दार कप्तानवहिनींचं. ओळखायला सोपं, कारण अख्ख्या गल्लीत न करकरणारं दार तेवढं एकच. वहिनींचे यजमान सुतार. बेचाळीस वर्षं लाकूडकाम करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. कुणाची खिडकी केसभर तिरकी दिसली तरी मिस्तरींच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि लोंबकळणारी वायर! ती दिसली की खिशातून क्लिपा निघाल्याच. आमच्या टीव्हीची वायर त्यांनी भिंतीला अशी चापूनचोपून बसवलीय, की टीव्ही दुसऱ्या खोलीत न्यायचा तर भिंतही बरोबर न्यावी लागेल.

वहिनी मात्र वेगळ्या मातीच्या. एकोणीस वर्षं खाडीवरची फेरीबोट चालवतात. बारा उतारू, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, अकरा मिनिटं. बोलणं मोजकं, चालणं ताठ. बोटीत कुणी मध्येच उभं राहिलं तर त्या नुसतं वळून बघतात आणि माणूस आपोआप खाली बसतो. आमच्या ह्यांना मी गेली सव्वीस वर्षं असंच वळून बघतेय. फरक शून्य.

तर झालं असं. गेल्या महिन्यात वहिनींची बोट धक्क्यावर आदळली.

बोटीला ब्रेक नसतो, हे मलाही त्या दिवशीच कळलं. चाकाच्या उजव्या हाताला एक लिव्हर असते. एकच लिव्हर, पण कामं दोन. उभी ठेवली की इंजिन मोकळं. पुढे ढकलली की आधी गिअर पडतो, आणखी ढकलली की वेग वाढतो. मागे ओढली की बोटीखालचा पंखा उलटा फिरतो. धक्का जवळ आला की ती चटकन मागे घ्यायची, म्हणजे बोट जागच्या जागी थबकते. वहिनींनी त्या दिवशी ओढली, आणि लिव्हर मध्यावर येऊन अडली. दोन्ही हातांनी खेचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. माणसांना खरचटलंही नाही, पण बेकरीवाल्याच्या डोक्यावरचा ट्रे खाडीत गेला. चाळीस पाव! त्या दिवशी मासे पंगतीला बसल्यासारखे जेवले.

आता लिव्हर अडली, हे वहिनींनी तिथल्या तिथे सांगितलं. पण फेरीबोटींच्या संघाचे चेअरमन स्वतः बोटीत चढले, सोबत त्यांचा भाचा. भाच्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याचा दंड म्हणजे आमची मांडी. पैलवानाने लिव्हर धरली, पुढे केली, मागे केली. खटक, खटक. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"लिव्हर तर चालतेय, बाई," चेअरमन म्हणाले. "हात थकला असेल. छप्पन्न म्हणजे काही कमी वय नाही."

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर एकच विषय, कप्तानवहिनींचा हात. कुणी म्हणालं सांधे, कुणी म्हणालं नस. वहिनींची लेक दोन गल्ल्या सोडून राहते, ती धावत आली आणि येताना दाबायला रबरी चेंडू घेऊन आली. "आई, रोज शंभर वेळा दाबायचा हं." वहिनींनी चेंडू घेतला, दारात गेल्या आणि समोरच्या कुत्र्याकडे भिरकावला. कुत्रं अजून वहिनींना सलाम करतं.

आणि बरण्या! ज्याला त्याला अचानक घट्ट झाकणाची बरणी सापडू लागली. "वहिनी, जरा बघता का उघडते का?" मीही एक घेऊन गेले, खोटं कशाला बोलू. झाकण आदल्या दिवशी आमच्या ह्यांच्याकडून मुद्दाम आवळून घेतलं होतं. वहिनींनी बरणी घेतली, एका झटक्यात उघडली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "उद्या अजून घट्ट करून आणा." मी आपली पदर सावरत घरी.

एवढं होऊनही गुरुवारी संघाचा निरोप आलाच. सोमवारी सकाळी आठ वाजता सर्वांसमोर चाचणी. बोट तीन वेळा धक्क्याला लावून दाखवायची. तीनदा नीट लागली तर सुकाणू वहिनींकडे. एकदा जरी आदळली तर पैलवानाकडे. तोवर बोट धक्क्याला बांधलेली.

लेक म्हणाली, "आई, सोड ना आता. एकोणीस वर्षं झाली. मानाने उतर."

"अशी उतरल्यावर कसला मान?" वहिनी म्हणाल्या. "हात माझा आहे. तो थकला तर चेअरमनच्या आधी मला कळेल. लिव्हर जड झालीय. का झालीय ते मी सोमवारच्या आत शोधते."

मिस्तरी पेपरामागून म्हणाले, "फिटरला बोलवू या का?"

"फिटर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तेल ओतून गेला. दोन दिवस हलकी, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जड. आता मीच बघते."

शुक्रवारी सकाळी वहिनी पाने, पक्कड आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन धक्क्यावर हजर. मी भाजी आणायला निघाले होते. भाजीवाला धक्क्याच्या विरुद्ध दिशेला आहे, पण पाय तिकडेच वळले. मिस्तरी आधीच काठावर डबा उलटा घालून बसलेले, सल्ले द्यायला.

वहिनींची रीत अशी, की एका वेळी एकच गोष्ट सोडवायची. लिव्हरपासून मागच्या इंजिनापर्यंत दोन केबली जातात, एक गिअरची, एक वेगाची. वरून जाड आवरण, आत सरकणारी तार. वहिनींनी आधी इंजिनाकडची टोकं सोडली आणि पुढे येऊन लिव्हर ओढली. जडच.

"म्हणजे इंजिन निर्दोष," त्या म्हणाल्या.

मग लिव्हरची पेटी उघडली. आत बघते तर काय, जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट! मी तर टाळीच वाजवली. "सापडला हो चोर!" मिस्तरीही डब्यावरून उठले. वहिनींनी रॉकेलने सगळं धुतलं, पुसलं, बोटभर नवं ग्रीस लावलं. यात दुपार झाली. लिव्हर ओढली. होती तशीच. म्हणजे उगाच उन्नीस-बीस.

मिस्तरी हळूच म्हणाले, "अगं, मी काय म्हणतो... हातही एकदा डॉक्टरांना दाखवून..."

वहिनींनी वळून बघितलं. मिस्तरी परत डब्यावर.

शनिवारी त्यांनी दोन्ही केबली लिव्हरपासूनही सोडल्या. आता नुसती लिव्हर, मागेपुढे काही नाही. करंगळी लावली आणि ती झोपाळ्यासारखी गेली-आली. वहिनींचे खांदे दोन बोटं खाली आले. गेला महिनाभर ते खांदे कानाला टेकलेले होते, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी केबलींची टोकं हातात धरून तार आत-बाहेर करून पाहिली. वेगाची केबल कुरकुरत का होईना सरकली. गिअरची मात्र ढिम्म. पक्कड लावली, पाय रोवला, तेव्हा कुठे नखाएवढी हलली.

"ही!" वहिनी म्हणाल्या. "पण कुठे अडलीय?"

केबल लिव्हरखालून निघून बोटीच्या कडेने मागे जाते. म्हणजे पूर्वी सगळी डोळ्यांसमोर होती. आता ती हातभर दिसते आणि मग एका देखण्या लाकडी बाकाच्या पाठीमागे गडप होते. तो बाक मिस्तरींचा! निवृत्त झाल्यावर पहिलं काम त्यांनी तेच केलं होतं, बायकोच्या बोटीला कडेने बाक आणि मागे फळ्यांची पाठ. एकही खिळा दिसत नाही, एकही स्क्रू दिसत नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची गोल टिकली बसवून वर पॉलिश. पलीकडच्या धक्क्यावरची माणसं नुसता बाक बघायला इकडे यायची.

वहिनींनी बाकाकडे बघितलं, मग मिस्तरींकडे.

"अहो, लिव्हर कधीपासून जड झाली ते आठवतंय?"

"मला कसं आठवणार? बोट तू चालवतेस."

"मला आठवतंय. बाक बसवला त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासून."

मिस्तरी डब्यावरून असे उठले, जणू डबाच तापला. "हे बघ! तुझी केबल बघायची तेवढी बघ, माझ्या फळीला हात लावू नकोस. बेचाळीस वर्षांत माझ्या कामात कुणी नख घालून दाखवलेलं नाही. फळीने कधी लिव्हर अडते का? त्या वायरी कशा लोंबकळत होत्या, वेड्यावाकड्या, वेटोळं घालून! मी त्या सरळ केल्या, ओळीत बसवल्या, क्लिपा मारल्या. उपकार राहिले बाजूला!"

"क्लिपा मारल्यात?"

"मग? चार मारल्या. पितळी."

यावर वहिनींनी काय करावं? पिशवीतून करवत काढली. घरून निघतानाच घेऊन आल्या होत्या बाई! म्हणजे संशय आदल्या रात्रीपासूनचा, पण इंजिन, पेटी, लिव्हर सगळ्यांची साक्ष झाल्याशिवाय नवऱ्यावर बोट ठेवायचं नाही, हा बेत. मी असते तर पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला नवऱ्यावरच आळ घेतला असता, पुरावे मागाहून.

करवत फळीला टेकली. मिस्तरींचा चेहरा बघवेना. पहिली खाच पडली, दुसरी पडली, आणि ते ओरडलेच.

"अगं थांब! करवत अशी धरतात? फळीचं वाटोळं करशील! आण इकडे!"

आणि गंमत बघा, स्वतःचा बाक स्वतःच उघडायला बसले. एकेक टिकली पटाशीने अलगद उचलली, खालचा स्क्रू सोडवला, फळी अशी काढली जसं तान्ह्या बाळाचं दुपटं. वहिनींनी टॉर्च आत मारला. आम्ही तिघांनी डोकी खुपसली.

आत केबल होती. भिंतीला चिकटून, सरळ, सुबक, आणि कोपऱ्यात गुण्या लावून आखल्यासारखा नव्वद अंशाचा काटकोन! त्या काटकोनाच्या अलीकडे दोन पितळी क्लिपा, पलीकडे दोन, गळा दाबल्यासारख्या. वाकवल्या जागी आवरण फुटलं होतं, फटीतून खारं पाणी शिरून आतली तार तांबूस गंजली होती. फिटरने ओतलेलं तेल तिथे येऊन गंजात मिसळून काळा चिखल झाला होता. वहिनी दोन वर्षं रोज वीस फेऱ्या या कोपऱ्यातून तार ओढत होत्या.

  

मिस्तरींनी बोटाने तो काटकोन चाचपला. मग म्हणाले, "वायर आहे असं समजलो मी. वायरला कसंही वाकवलं तरी चालतं."

"ही वायर नाही हो. आत तार सरकते. तिला मोठा वळसा लागतो. जेवणाच्या ताटाएवढा तरी. म्हणून ती लोंबकळल्यासारखी दिसायची."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाक बंद करून वर पॉलिश मारून मला बघायला बोलावलंत. आत काय केलंत ते मला कुठे दिसलं?"

यात ओरडा नव्हता, टोमणा नव्हता. तरी मिस्तरी खाली बघत राहिले. माझं तोंड शिवशिवत होतं, पण म्हटलं, आज नको.

दुपारी वहिनी फिटरच्या दुकानात गेल्या. जुनी केबल मापाला नेली, पण नवी तिच्यापेक्षा हातभर लांब मागितली, कारण वळसा मोठा घ्यायचा तर लांबी जास्त लागणारच. फिटर म्हणाला, "काकू, जुन्या मापाचीच घ्या ना, आत बसेल की." वहिनी म्हणाल्या, "बसते, म्हणूनच तर हे झालं." दोन्ही केबली नव्या घेतल्या. एक गेली तर दुसरीही त्याच कोपऱ्यातून गेलेली, तिचाही भरवसा नाही. जाताना फिटरला वर ऐकवलंच, "आणि यात तेल ओतायला येऊ नकोस."

रविवारी सकाळी वळशाला जागा हवी म्हणून बाकाच्या पाठीला मोठं भोक पाडायची वेळ आली. मिस्तरींनी घरातलं ताट आणलं, फळीवर उपडं ठेवलं, पेन्सिलीने गोल आखला आणि कापला. धार इतकी गुळगुळीत घासली की भोकसुद्धा मिरवण्यासारखं झालं. स्वभाव! क्लिपा मात्र एकही मारली नाही. केबलीला दोन ठिकाणी सैल पट्टा, एवढंच. एकदा हात खिशाकडे गेला होता. मी खाकरले, परत आला.

मग टोकं जोडायची. हे काम दिसतं सोपं. वहिनींनी लिव्हर उभी ठेवली आणि मिस्तरींना मागे, इंजिनातून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याशी बसवलं. इंजिन बंद, किल्ली वहिनींच्या कमरेला.

"फिरवा हाताने. फिरतो का?"

"अडतोय."

केबलीच्या टोकाचा स्क्रू एक आटा फिरवला. "आता?"

"थोडा अडतोय."

अर्धा आटा. "आता?"

"फिरला! दोन्हीकडे फिरला!"

म्हणजे लिव्हर मध्ये तेव्हा गिअरही बरोबर मध्ये. मग पुढे, मग मागे. बंद इंजिनावर गिअर पडताना दात दातावर येतात, तेव्हा पंखा जरासा फिरवावा लागतो. मिस्तरी ते असं मन लावून करत होते, जणू चाचणी त्यांचीच आहे. शेवटी वहिनींनी नवे नट आवळले आणि लिव्हर दोन बोटांत धरली. पुढे. मध्ये. मागे. आवाज एवढासा, टिचकीएवढा.

मग इंजिन चालू करून, बोट दोरांनी बांधलेलीच ठेवून, त्यांनी तेच वीस वेळा केलं. मी मोजले. माझी भाजी राहिली ती राहिलीच.

हत्यारं गोळा करताना मिस्तरी म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर... केबल जुनी झाली होती, असं सांगू या. खोटंही नाही म्हणा. जुनी होतीच."

वहिनी हात पुसत होत्या. "मी काही सांगणार नाही. तुमचं काम आहे, तुम्ही सांगा नाहीतर झाका. पण मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

मिस्तरींनी पटाशी पिशवीत टाकली, बाहेर काढली, परत टाकली.

सोमवारी आठच्या आधीच धक्का भरला. चाचणी बघायला आलेली गर्दी होती, पण सगळ्यांच्या तोंडी "मला पलीकडे काम आहे." चेअरमन घड्याळ घेऊन, पैलवान हाताची घडी घालून. वारा खाडीकडून, ओहोटी लागलेली. बोट लावायला सगळ्यात नकोशी वेळ.

पहिल्यांदा वहिनी एकट्याच गेल्या, वळल्या, आल्या. लिव्हर मागे. धक्क्याला टांगलेले टायर आणि बोट यांच्यात वीतभर पाणी राहिलं आणि ते वीतभरही बोटीने आपणहून संपवलं. दुसऱ्यांदा बारा जणांना बसवून. त्यात बेकरीवालाही, ट्रे छातीशी कवटाळून. पुन्हा तसंच. पावाचा तुकडाही हलला नाही.

तिसऱ्या खेपेला, पुन्हा त्याच बारा जणांसह, धक्का दहा हातांवर आला आणि वाऱ्याचा असा झोत आला की बोटीची पाठच फिरली. नाक सरळ धक्क्याच्या दगडी कोपऱ्याकडे! वहिनींची लेक माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट पकडलं. वहिनींनी लिव्हर मागे घेतली, चाक वळवलं, लिव्हर पुढे, परत मागे. पुढे, मागे, पुढे, एका श्वासात तीनदा. बोट नाचणाऱ्या बाईसारखी गिरकी घेऊन कडेला लागली. आठवड्यापूर्वीची लिव्हर असती तर? मी विचार केला नाही.

लेकीने मनगट सोडलं. तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

"पास!" चेअरमन म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन पुढे झाले, मोठ्या मनाने हसले आणि म्हणाले, "बाई, मानलं. चार दिवसांत हात चांगलाच सुधारलाय. मालिश केलीत की औषध घेतलंत?"

आता बोला! तीनदा बोट लावून दाखवली तरी खापर हाताच्याच माथी. वहिनी चाकावरून उठल्या नाहीत. त्यांनी चेअरमनकडे बघितलं नाही, मिस्तरींकडे तर नाहीच. समोर पाण्याकडे बघत राहिल्या.

मिस्तरी दोर धरून उभे होते. त्यांनी तो खांबाला गुंडाळला आणि घसा साफ केला.

"मालिश नाही, औषध नाही," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हाताला काही झालेलंच नव्हतं. बाक बसवताना केबल मी काटकोनात वाकवली आणि वरून क्लिपा ठोकल्या. सुबक दिसावं म्हणून. गेल्या महिन्याची धडक माझ्या सुतारकामाने झाली. हिने लिव्हर जड आहे असं सांगितलं होतं, आणि मीही हिला डॉक्टरकडे चल म्हणालो."

 चेअरमन बोटीत उतरले, वाकले आणि लिव्हर धरून ओढली, चांगली दांडगाईने, जुन्या अंदाजाने. ती इतकी हलकी गेली की ते स्वतः बेकरीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसले.

हशा झाला. त्यात पैलवान खांदा चोळत पुढे आला. "मामा, एक सांगू? त्या दिवशी ओढली ना, तेव्हापासून खांदा दुखतोय माझा. लई जड होती. पण एवढ्या लोकांत कसं सांगणार?"

"मग 'चालतेय' कोण म्हणालं?"

"तुम्ही म्हणालात, मामा. मी कुठे काय बोललो?"

चेअरमन उठले, शर्ट झटकला, आणि काहीतरी म्हणणार तेवढ्यात वहिनींनी घड्याळ पाहिलं.

"बाई, माझं जरा चुकलं," चेअरमन म्हणाले.

"जरा नाही," वहिनी म्हणाल्या. "पण ते परत आल्यावर. साडेआठची फेरी आहे, दोन मिनिटं उशीर झालाय. पलीकडे जायचंय त्यांनी बसून घ्या. बाकीचे उतरा."

बघे उतरले, उतारू बसले. मिस्तरींनी खांबाचा दोर सोडला आणि बोटीत टाकला. वहिनींनी तेव्हा कुठे त्यांच्याकडे मान वळवली.

"येताय?"

"मी? मी कशाला?"

"बसा. दोन वर्षांत एकदा तरी स्वतःच्या बाकावर बसून बघा."

मिस्तरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलते का म्हणून. मी आकाशाकडे बघत होते. मग ते घाईने चढले आणि त्या गोल भोकाच्या शेजारी अंग चोरून बसले, आणि वहिनींनी लिव्हर पुढे केली.